कंबरदुखीचा रुग्ण केव्हा बरा होईल?

कंबरदुखी हा विकार समाजाच्या सर्व थरांत आढळतो. शेतात वाकून भांगलण करणारी स्त्री, बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, दिवसभर फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक आणि फायलींत मान घालून बसणारा लिपिक यांपैकी कोणीही त्यातून सुटलेला नाही. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज वर्तविण्यात आला आहे. या विकाराने सहसा कोणी दगावत नाही. परंतु माणसाची उमेदीची वर्षे अपंगावस्थेत घालविणाऱ्या विकारांत त्याचा क्रमांक जगात पहिला लागतो.

उपचारासाठी आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मनात एकच प्रश्न असतो : मी बरा केव्हा होणार? हा प्रश्न केवळ त्याचा एकट्याचा नाही. रजा किती मंजूर करावी, हा कार्यालय प्रमुखाचा प्रश्न असतो. रोज बुडत असताना घर कसे चालवावे, हा मजुराच्या कुटुंबाचा प्रश्न असतो. कोणत्या रुग्णाला चार शब्द सांगून घरी पाठवावे आणि कोणाला पुढील उपचारांसाठी पाठवावे, हा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपुढील प्रश्न असतो. गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला असून त्यातून निघालेले निष्कर्ष आपल्या रूढ समजुतींना धक्का देणारे आहेत.

छायाचित्रातील दोष आणि प्रत्यक्ष दुखणे

पाठीच्या मण्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. त्यांना आपण ‘गादी’ म्हणतो. १९३४ साली अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शल्यविशारदांनी, ही गादी फुटून मज्जातंतूवर दाब आल्यास पायात कळा जातात, हे दाखवून दिले. हा शोध महत्त्वाचा होता. परंतु पुढे प्रत्येक कंबरदुखीचे मूळ गादीत शोधण्याची प्रथा पडली. ‘तुमची गादी सरकली आहे’ हे वाक्य आज खेड्यापाड्यांतही ऐकू येते आणि ते ऐकून अनेकांचा धीर खचतो.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कंबरेची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींची एम.आर.आय. तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत निदान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली, तर २७ टक्के व्यक्तींत ती स्पष्टपणे बाहेर आलेली होती. सर्व गाद्या निर्दोष असलेल्या व्यक्ती केवळ ३६ टक्के निघाल्या. म्हणजे ज्यांना काहीही दुखत नव्हते, अशांपैकी बहुसंख्य लोकांच्या चित्रात काही ना काही दोष होता. वाढत्या वयाबरोबर केस पांढरे व्हावेत, त्याचप्रमाणे गाद्याही झिजतात. या झिजेवरून दुखण्याचे कारण निश्चित करता येत नाही आणि ते केव्हा थांबेल, हेही सांगता येत नाही.

कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे एक निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. याचा अर्थ दुखणे खोटे आहे, असा मात्र मुळीच नाही. रुग्ण किती लवकर बरा होईल याचे उत्तर केवळ मणक्याच्या चित्रातून मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रथम धोक्याच्या खुणा

अंदाज बांधण्यापूर्वी एक गोष्ट करणे अगत्याचे असते. कंबरदुखीमागे गंभीर आजार नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. असे आजार थोड्या रुग्णांत आढळतात. पण ते दृष्टीआड होता कामा नयेत. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागास व बैठकीच्या जागेस बधिरता येणे, पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, उंचावरून पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू होणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, ताप येणे आणि कारणाशिवाय वजन घटणे या त्या खुणा होत. आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचे दुखणे व खालावत जाणारी प्रकृती असेल, तर रुग्णाला वेळ न दवडता डॉक्टरांकडे पाठविले पाहिजे. लघवीवरील ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

या खुणा नसतील, तरच पुढील विवेचन लागू पडते.

किती जण बरे होतात?

कंबरदुखीचे दहापैकी नऊ रुग्ण महिना-दीड महिन्यात आपोआप बरे होतात, असे वैद्यकाच्या पुस्तकांतून पुष्कळ वर्षे सांगितले जात असे. १९९८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर भागातील एका अभ्यासाने या विधानाची कसून परीक्षा केली. तेथे कंबरदुखीसाठी डॉक्टरांकडे आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांनी तीन महिन्यांनंतर दवाखान्यात येणे थांबविले होते. परंतु संशोधकांनी रुग्णांची गाठ घेऊन चौकशी केली, तेव्हा वर्षअखेरीस वेदना आणि अडचण या दोहोंतून पूर्ण मुक्त झालेले लोक अवघे २५ टक्के आढळले. रुग्ण दवाखान्यात येईनासा झाला म्हणजे तो बरा झाला, असे डॉक्टर समजत होते. वस्तुतः अनेकांनी दुखणे अंगवळणी पाडून घेतले होते.

२००८ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे दुखणे दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवसांचे होते, असे ९७३ रुग्ण घेऊन त्यांची वर्षभर नोंद ठेवण्यात आली. वेदना नाही, अडचण नाही आणि काम पूर्ववत चालू, अशा तिन्ही अर्थांनी बरे झालेले रुग्ण सहा आठवड्यांत सुमारे ४० टक्के, तीन महिन्यांत ५८ टक्के आणि वर्षअखेरीस ७२ टक्के होते. ज्यांना कामात खंड पाडावा लागला होता, त्यांच्यापैकी निम्मे लोक मात्र १४ दिवसांतच पूर्वीसारखे कामावर रुजू झाले होते. कामावर परतणे आधी घडते आणि वेदना त्यानंतर सावकाश ओसरते, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले, तर वाट अवघड होते. त्याच संशोधकांच्या परिवाराने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुखणे जुनाट झालेल्या रुग्णांपैकी पुढील वर्षभरात वेदनामुक्त होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्के आढळले. तेव्हा पहिले तीन महिने निर्णायक असतात. ज्यांचे दुखणे रेंगाळण्याचा संभव आहे, असे रुग्ण याच काळात ओळखता आले, तर त्यांना वेळीच अधिक मदत देता येते. अंदाज बांधण्याचा सारा खटाटोप यासाठी आहे.

अंदाज कशावरून बांधतात?

सिडनीच्या अभ्यासात बरे होण्यास विलंब लागणाऱ्या रुग्णांची काही लक्षणे स्पष्ट झाली. वय अधिक असणे, सुरुवातीची वेदना तीव्र असणे, डॉक्टरांकडे येण्यापूर्वीच अधिक दिवस गेलेले असणे, दुखण्यामुळे अधिक दिवस कामकाज कमी केलेले असणे, मन उदास असणे, नुकसानभरपाईचा दावा चालू असणे आणि ‘हे दुखणे आता माझी पाठ सोडणार नाही’ असे रुग्णाला स्वतःला वाटणे, ही ती लक्षणे होत. या यादीत गादी किती सरकली, मणक्यातील अंतर किती कमी झाले, यांपैकी काहीच नाही.

अमेरिकेत २०१० साली अशा २० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत दहा हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. त्यातही रुग्ण दुखण्याला कसा सामोरा जातो, दैनंदिन हालचालींत त्याला किती अडथळा येतो, त्याचे एकूण आरोग्य कसे आहे आणि त्याला काही मानसिक विकार आहे काय, या गोष्टी अंदाजासाठी अधिक उपयोगी ठरल्या. पूर्वी कंबर दुखली होती काय, या माहितीचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या आढाव्यात, आपण बरे होऊ अशी अपेक्षा बाळगणारे रुग्ण कामावर परतण्याच्या बाबतीत इतरांहून पुढे असतात, असे दिसून आले.

भीतीचे चक्र

मनाचा आणि कंबरेचा संबंध कसा पोहोचतो, असे कोणी विचारील. त्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते. कंबरेत उसण भरली की कळ येते. ही कळ म्हणजे काही तरी मोडल्याची खूण आहे, असे ज्याला वाटते तो घाबरतो. घाबरला की वाकणे, चालणे, उचलणे टाळतो. टाळल्यामुळे स्नायू दुर्बल होतात, सांधे आखडतात, कामधंदा सुटतो आणि मन खिन्न होते. अशा स्थितीत थोडी हालचाल केली तरी अधिक दुखते, आणि आपली भीती खरीच होती, अशी त्याची खात्री पटते. याउलट ज्याला धीर मिळतो, तो बेताबेताने हालचाल करीत राहतो व या चक्रातून बाहेर पडतो. स्कॉटलंडमधील अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती या तिन्हींचा एकत्र विचार करणारी उपचारदृष्टी मांडली. तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासाला निराळे वळण लागले.

पूर्वी डॉक्टर स्वतःच रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. या रूढीचीही परीक्षा झाली. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांच्या दोन गटांपैकी एकाला दोन दिवस व दुसऱ्याला सात दिवस विश्रांती सांगण्यात आली. दोन्ही गट सारखेच सुधारले. मात्र दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर आणखी एक प्रयोग झाला. काहींना दोन दिवस विश्रांती, काहींना कंबरेचे व्यायाम आणि काहींना झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सुधारले आणि विश्रांती घेणारे सर्वांत मागे राहिले.

नऊ प्रश्नांची कसोटी

या सर्व ज्ञानाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून अनेक प्रश्नावल्या तयार करण्यात आल्या. स्वीडनमध्ये १९९८ साली एरेब्रू येथील प्रश्नावली पुढे आली. इंग्लंडमधील कील विद्यापीठाने २००८ साली प्रसिद्ध केलेली ‘स्टार्ट बॅक’ ही प्रश्नावली विशेष सुटसुटीत आहे. तीत केवळ नऊ प्रश्न असून ते मागील दोन आठवड्यांविषयी विचारावयाचे असतात. त्यांपैकी चार प्रश्न शरीरासंबंधी आहेत : दुखणे पायात उतरते काय, खांदा किंवा मान दुखते काय, चालणे कमी झाले आहे काय आणि कपडे घालण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो काय. उरलेले पाच प्रश्न मनाचा कानोसा घेणारे आहेत : हालचाल करणे धोक्याचे वाटते काय, मनात सारखी काळजी असते काय, हे दुखणे कधीच बरे होणार नाही असे वाटते काय, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी उरली आहे काय आणि एकूण दुखण्याचा जाच किती आहे.

उत्तरांना गुण देऊन रुग्णांचे तीन गट पाडले जातात. एकूण गुण तीन किंवा त्याहून कमी असतील, तर धोका अल्प समजावा. अशा रुग्णाला धीर, योग्य माहिती आणि चालते-फिरते राहण्याचा सल्ला पुरेसा होतो. चार किंवा अधिक गुण असतील, पण मनाविषयीच्या पाच प्रश्नांत तीनपेक्षा अधिक गुण नसतील, तर धोका मध्यम समजून भौतिकोपचार दिले जातात. मनाविषयीच्या प्रश्नांतच चार किंवा पाच गुण पडले, तर धोका अधिक समजला जातो. मग रुग्णाची भीती व निराशा यांकडे लक्ष देणारे प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ त्याच्यावर उपचार करतात. इंग्लंडमध्ये ८५१ रुग्णांवर या पद्धतीची चाचणी घेण्यात आली. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने रुग्णांच्या हालचालींत अधिक सुधारणा झाली आणि खर्चही थोडा कमी आला.

अंदाजाच्या मर्यादा

असे असले, तरी या प्रश्नावलीकडे पंचांग म्हणून पाहू नये. रुग्ण कामावर परतेल की नाही, याचा अंदाज अशा प्रश्नावल्या बऱ्यापैकी देतात. त्याची वेदना थांबेल की नाही, याचा अंदाज मात्र त्यांना नीट देता येत नाही. अमेरिकेत हीच पद्धत वापरून पुढे झालेल्या चाचण्यांत इंग्लंडइतका लाभ दिसून आला नाही. त्यामुळे केवळ कागदावर गुण मांडून भागत नाही. पुढे योग्य उपचार देणारी माणसे आणि व्यवस्था असावी लागते.

दुसरी मर्यादा आपल्या परिस्थितीची आहे. वरील बहुतेक अभ्यास जेथे भरपगारी रजा व विम्याचे संरक्षण आहे, अशा देशांतील आहेत. हेलसिंकीचा नगरपालिका कर्मचारी आणि मोळ्या वाहणारा आपला ऊसतोड कामगार यांची परिस्थिती एक नाही. पहिल्याला ‘हालचाल चालू ठेवा’ असे सांगितले, तर तो फिरावयास जाईल. दुसरा तोच सल्ला ऐकून दुसऱ्या दिवशी पूर्वीइतकेच ओझे डोक्यावर घेईल. हालचाल चालू ठेवणे म्हणजे दुखत असताना पूर्ण भार उचलणे नव्हे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चालणे, घरातील हलकी कामे आणि क्रमाक्रमाने वाढविलेला भार, असा त्याचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रुग्णाची भीती किंवा उदासी बरे होण्यावर परिणाम करते, यावरून दुखणे ‘मनाचे खेळ’ आहे, असा निष्कर्ष काढणे हा त्याच्यावर अन्याय होईल. वेदना खरीच असते. या माहितीचा उपयोग रुग्णाला अधिक मदत देण्यासाठी व्हावा. कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जावर संशय घेण्यासाठी तो कदापि होता कामा नये.

आपण काय करू शकतो?

रुग्ण बरा होण्यात त्याच्या भोवतालच्या माणसांचाही वाटा असतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात शासकीय यंत्रणेने दूरदर्शनवरून एक मोहीम चालविली. कंबर दुखली म्हणून अंथरूण धरू नका, चालते-फिरते राहा आणि शक्य तितक्या लवकर कामावर परता, हा तिचा संदेश होता. शेजारच्या राज्याशी तुलना करता व्हिक्टोरियातील जनतेच्या व डॉक्टरांच्या समजुतींत चांगला बदल घडून आला आणि कंबरदुखीमुळे होणारे नुकसानभरपाईचे दावेही घटले. समजुती बदलता येतात, हे या मोहिमेने सिद्ध केले.

कार्यालय प्रमुखांनी ‘पूर्ण बरे होऊनच या’ असे सांगण्याऐवजी काही दिवस हलके काम, मध्ये उठून चालण्याची मुभा किंवा कामाचे कमी तास देऊन कर्मचाऱ्याला लवकर परत येण्यास मदत करावी. मुख्याध्यापकांनी कंबर दुखणाऱ्या शिक्षकाला बसून शिकविता येईल, अशी सोय करावी. ग्रामपंचायतीच्या कामावर मुकादमाने दुखणाईत मजुराला माती वाहण्याऐवजी काही दिवस हलके काम दिले, तर त्याचा रोजही बुडत नाही आणि कंबरही सावरते. शिक्षकांना व पंचायत सदस्यांना गावात मान असतो. ‘आता तुझी कंबर गेली’ या एका वाक्याने जेवढे नुकसान होते, तेवढाच लाभ ‘बहुतेक जण यातून सुधारतात, बेताने हिंडत-फिरत राहा’ या वाक्याने होऊ शकतो.

कंबरेचा पट्टा व वजन लावून ताणणे यांविषयीही दक्षता घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत नेहमीच्या उपचारांत पट्टे, ताणण्याचे उपचार आणि अफूजन्य वेदनाशामके वापरू नयेत, असे सांगितले आहे. व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसिक आधार यांचा तिने पुरस्कार केला आहे. धोक्याच्या खुणा नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी महागडी तपासणी करण्याकरिता कर्ज काढणे, हेही टाळण्याजोगे आहे.

बरे होण्याचा अंदाज म्हणजे ललाटरेषा नव्हे. ज्या कारणांवरून तो बांधला जातो, त्यांपैकी वय आपल्या हाती नाही. पण भीती, निराशा, कामापासून तुटणे आणि उपचारांस उशीर होणे ही कारणे प्रयत्नांनी दूर करता येतात. कोणाचे दुखणे रेंगाळण्याचा संभव आहे, हे पहिल्या काही आठवड्यांत ओळखून त्याला धीर, हलके काम आणि योग्य उपचार मिळवून दिले, तर प्रतिकूल अंदाज चुकीचा ठरविणे शक्य आहे, आणि त्यासाठीच तो बांधावयाचा असतो.